सगळेच भिडू

पत्ते म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना मे महिन्याची सुट्टी आठवते. दुपारी ओटीवर सतरंजी पसरायची आणि मेंढीकोट, बदाम सात, झब्बू असे डाव जेवणाची हाक येईपर्यंत चालायचे. कोट कुणावर तरी चढवायचा, झब्बू कुणाला तरी द्यायचा. त्यामुळे आमच्या क्लेमेंटीच्या घरात चिरंजीवांनी एक खोका टेबलावर ठेवून "बाबा, यात आपण दोघं एकाच बाजूला," असे जाहीर केले, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो हा : मग हरवायचं कुणाला?

खेळाचे नाव 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम'. टॉल्किनच्या कादंबरीवर बेतलेला हा खेळ नेट फ्रेंच यांनी रचला आणि 'फँटसी फ्लाइट गेम्स'ने 2011 मध्ये बाजारात आणला. यात प्रतिस्पर्धी म्हणजे संकटांचा एक वेगळा कॅट. त्यातली पाने उलटत जातात आणि राक्षस, दलदली, विश्वासघात समोर येऊन पडतात. खेळणारे सगळे भिडू. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. प्रत्येकाने आपला कॅट घरून बांधून आणायचा : जास्तीत जास्त तीन नायक आणि किमान 50 पाने, एका पानाच्या तीनच प्रती. प्रत्येकाचा एक 'धोक्याचा आकडा' असतो. नायक जितके बलाढ्य तितका तो सुरुवातीलाच मोठा. दर फेरीला एकाने वाढतो आणि 50 झाला की तुम्ही बाद.

कॅट कसा बांधावा, यावर आमच्या घरात जो वाद झाला तोच या लेखाचा विषय आहे.

मी पडलो इंजिनियर. सर्वांत कामाची पाने निवडली : अ‍ॅरागॉर्न, बेरावोर आणि ग्लोइन नावाचा बुटका. शिवाय 'गोंडोरचा कारभारी' हे पान. ते ज्या नायकाला लावाल त्याला दर फेरीला दोन जादा नाणी मिळतात. (नियमपुस्तिकेत त्यांना साधनसंपत्ती म्हणतात, मी नाणीच म्हणतो.) मी ते ग्लोइनला लावले. चिरंजीव उखडले. "बाबा, बुटका गोंडोरचा कारभारी कसा होईल? ते पद डेनेथॉरच्या घराण्याचं आहे!" नियमात बसतंय, मी म्हणालो. गंमत अशी की मूळ संचातला डेनेथॉर 'ज्ञान' गटात आणि कारभारीपदाचे पान 'नेतृत्व' गटात; त्यामुळे खऱ्या कारभाऱ्याला स्वतःचे पद स्वतःच्या नाण्यांनी घेता येत नाही! नियम आणि कथा यांची इथे सरळ फारकत झाली आहे, आणि हा दोष मी खेळ रचणाऱ्यांच्या पदरात टाकतो.

चिरंजीवांनी फक्त रोहनच्या घोडेस्वारांचा कॅट बांधला : एओविन, थिओड्रेड, डुनहेरे. आता एका खोक्यातून 50 रोहनी पाने निघत नाहीत. मग जोडसंच विकत घ्या, नाहीतर इतर पाने भरतीला घाला. एकाच कथेशी इमान राखणाऱ्याचा खिसा आधी रिकामा होतो, ही माझी दुसरी तक्रार. 2022 मध्ये प्रकाशकांनी रोहनचा तयार कॅटही विकायला काढला; पण तयार घेतला तर निवडीतली भांडणे कुठून आणायची?

पहिल्या सोप्या मोहिमेत माझ्या कॅटने सगळे काम एकट्याने उरकले. आम्ही जिंकलो. चिरंजीव मात्र पाने हातात धरून नुसते बघत बसले होते. मेंढीकोटात भिडूला एकही हात घेऊ न देणारे एक काका आम्हाला होते, त्यांची आठवण झाली. आज तो काका मीच होतो.

दुसरी मोहीम अँडुइन नदीची. तिथे सुरुवातीपासून एक डोंगरी ट्रोल उभा असतो. धोक्याचा आकडा 30 झाला की तो अंगावर येतो. माझ्या नायकांची बेरीज 31, म्हणजे पहिल्याच फेरीत तो माझ्यासमोर! रोहनची बेरीज 25. आणखी काही बिघडले नाही तर त्यांना जवळपास पाच फेऱ्यांची सवड. मी एक स्वस्तातला टेहळ्या ट्रोलपुढे ढकलला. त्यावर नियम असा, की मरणाऱ्याला पेलवला नाही तेवढा घाव तुमच्या धोक्याच्या आकड्यात जमा होतो. प्याद्याचा बळी फुकट नसतो, हे एका ओळीच्या नियमात सांगणारा हा पत्ता मला संपूर्ण खेळात सर्वांत मोलाचा वाटतो.

तेवढ्यात एओविन पुढे गेली. हातातले एक पान टाकले की तिची इच्छाशक्ती एकाने वाढते, आणि हे पान टेबलावरचा प्रत्येक खेळाडू फेरीत एकदा टाकू शकतो. मी माझे पान तिच्यासाठी टाकले. थिओड्रेड तर कादंबरीत आपल्याला जिवंत भेटतही नाही. इथे तो मोहिमेवर निघतो आणि सोबत्याला एक नाणे देतो, वाटल्यास माझ्या नायकालाही. तो डाव आम्ही हरलो. पण दोघांनाही शेवटपर्यंत काम होते.

तेव्हा माझा निष्कर्ष असा : विषय पत्त्यावरच्या चित्रात किंवा नावात नसतो, तो पत्त्याच्या वागण्यात असतो. आमच्या कपाटात सावंतवाडीच्या राजवाड्यातून आणलेला दशावतारी गंजिफा आहे : दहा अवतार, प्रत्येकी 12, असे 120 गोल पत्ते. त्यात दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे राम त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्ण ज्याच्याकडे त्याची. त्या एका नियमाने देव चित्रातून उतरून डावात येतात. एओविनचा नियम त्याच जातीचा आहे. कारभाऱ्याचा नाही.

दुसरे असे, की सगळेच भिडू असलेल्या डावात कॅट किती बलवान यापेक्षा तो भिडूसाठी किती जागा ठेवतो, हे पाहावे. एका कथेपुरते राहायचे ठरवले की कॅटमध्ये उणिवा राहतात, आणि त्या उणिवांतच दुसऱ्याची गरज भासते. एकट्याने खेळणाऱ्याला हा सल्ला मी देणार नाही. त्याने खुशाल बुटक्याला कारभारी करावे.

पुढच्या महिन्यात चिरंजीव नॅशनल सर्व्हिससाठी पुलाऊ टेकाँगला जातील. दोन वर्षे. परवा रोहनच्या डावात एक पान आले, स्वारांच्या घोड्यांना तयार करणाऱ्याचे. तो स्वतः डावातून जातो आणि थकलेल्या नायकाला पुन्हा उभे करतो. त्यांनी ते सहज टाकले आणि माझा नायक उभा राहिला. मी जरा थांबलो. "बाबा, तुमची पाळी," ते म्हणाले.

ग्लोइनकडून कारभारीपद मी काढून घेतले आहे. माझ्या कॅटमध्ये सध्या 47 पाने आहेत. उरलेली तीन ते शनिवारी निवडून देणार आहेत.