आजीची टोपली यादीत का नाही?

(दुसरबीड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आत येताना मागच्या बाजूला मांडलेली तीन कामं तुम्ही पाहिली असतील. आपल्याच भागातला एक मुलगा चित्रकला शिकतो, त्याची ही वर्षभराची कामं. कागदशिल्प आणि मिश्रमाध्यम. मला तो म्हणाला, ‘सर, नुसतं छान आहे म्हणू नका.’ म्हणून आज जरा स्पष्ट बोलतो. नाव घेत नाही, कारण बोलायचं आहे ते कामांबद्दल.

पहिलं काम लोणारचं सरोवर. थर्माकोलच्या पायावर कापलेल्या कागदाचे एकाखाली एक थर आणि तळाशी गुलाबी रंग. २०२० च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मेहनत दिसते, पण मला त्यात लोणार दिसत नाही, लोणारचा नकाशा दिसतो. बघा, ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि ते झालं कशानं, तर बेसाल्टच्या खडकावर आकाशातून धोंडा आदळला म्हणून. काठावरचे खडकाचे थर उचलले गेले, काही ठिकाणी उलटे झाले. आणि इथे? प्रत्येक कडा पात्यानं गुळगुळीत कापलेली. खडकाचं जे झालं, त्यातलं कागदाच्या वाट्याला काहीच आलं नाही. कागद फाटतो, चुरगळतो, भिजला की फुगतो. त्यातलं एकही इथे वापरलेलं नाही. मग हे कागदात कशाला करायचं? प्लायवुडमध्येही झालं असतं.

दुसरं काम पोळ्याचा बैल. एकाच पांढऱ्या जाड कागदाचा, बोथट सुरीनं आधी रेघ ओढून मग घडी घातलेला. इथे मुलगा कागदाचं ऐकतो. कारखान्यातल्या कागदाचे तंतू बहुतेक एका दिशेनं असतात; त्या दिशेनं घडी सरळ बसते, आडवी घातली की कागद कुरकुरतो. पाठीची रेघ त्यानं तंतूंच्या दिशेनं घेतली, वशिंडाची आडवी. वशिंडावर कागद थोडा तडकलाय आणि त्यानं तो तसाच ठेवलाय. तिथे बैलाला वजन आलं.

पण त्यावर सोनेरी कागदाची झूल, आरसे, मणी! मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, ‘विषय मिश्रमाध्यमाचा होता, सर.’ म्हणजे माध्यमं मोजून दाखवायची होती. मिश्रमाध्यमात एका वस्तूनं दुसरीचं काहीतरी बदलावं लागतं. इथे मण्यांनी ते वशिंड झाकून टाकलंय. मणी काढले तर बैलाचं काही कमी होणार नाही, उलट वशिंड दिसेल.

आता तिसरं काम, ज्यासाठी मी आलोय. कापूस वेचताना बाया कमरेला ओटी बांधतात, ती. आईच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे, बियाण्याच्या पावत्या आणि काटापट्ट्या भिजवून, कुटून त्याचा लगदा केला. तो भरलेल्या ओटीवर थापला, वाळवला आणि आतली ओटी काढून घेतली. राहिलं ते टरफल. भरलेल्या ओटीचा आकार आहे, आत काहीच नाही. जवळ गेलात तर लगद्यात अर्धवट आकडे दिसतात. हातकागदासाठी सुती चिंध्या वापरायची पद्धत जुनीच आहे. म्हणजे कापूस वेचणारीचं लुगडं इथे कागद झालं. मिश्रमाध्यम म्हणतात ते हे!

फक्त एक गोष्ट. ही ओटी त्यानं दोरीच्या फासाला टांगलीय. मी त्याला विचारलं, हा फास तुला सुचला, की आपल्याकडून तो अपेक्षित आहे असं वाटलं? तो गप्प बसला. विदर्भातलं पोरगं म्हटलं की शहरातले परीक्षक काय शोधतात, हे आपल्या मुलांना पाठ झालंय. दुःख खरं आहे, आपल्या गावागावांत आहे. म्हणूनच ते असं तयार छाप्यात घालू नये.

सोमनाथ होर यांचं उदाहरण घ्या. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला, तेव्हा भुकेल्या माणसांची रेखाटनं केली. पुढे सत्तरच्या दशकात ‘जखमा’ ही मालिका केली. मातीच्या किंवा मेणाच्या पत्र्यावर सुरीनं, तापल्या सळईनं घाव घालायचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. पांढऱ्यावर पांढरं. माणूसही नाही, प्रेतही नाही, तरी बघणाऱ्याच्या अंगावर येतं, कारण घाव त्या पत्र्यानंच सोसलाय. आपल्या मुलाची ओटी त्याच वाटेवर आहे. रिकामं पोट तिथे आहेच. फास लावला की लोक तेवढंच वाचतात आणि पुढे जातात.

शेवटचा मुद्दा. कामांसोबत ‘प्रेरणा’ म्हणून त्यानं एक यादी जोडलीय. त्यात लोणार आहे, पिकासो आहे. मी म्हटलं, लगदा करायला कुठे शिकलास? तर म्हणे, ‘आजी करायची. रद्दी भिजवून, मेथ्या वाटून घालायची, पातेल्यावर थापून टोपल्या करायची.’ मेथीनं लगदा चिकट होतो, म्हणून त्या घालतात. मग आजी यादीत का नाही? म्हणाला, ‘ती कला नाही ना सर.’

मंडळी, पिकासोनं १९१२ साली गिटार केली ती पुठ्ठा, दोरी आणि तार घेऊन, म्हणजे हाताशी होतं ते घेऊन. पिकासोकडून शिकायचं असेल तर हेच, आणि ते आजीला आधीच येत होतं! आमच्या पोराला कागद हातात घ्यायला घरानं शिकवलं, आणि त्याला वाटतं ते सांगितलं तर मार्क जातील. यात चूक एकट्या पोराची नाही. आपण बघणाऱ्यांनी कधी त्या टोपलीकडे तसं पाहिलं?

मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्यात. फास काढ, ओटी साध्या खुंटीला अडकव, घरी असते तशी. आणि यादीत पहिलं नाव आजीचं लिही.

जाताना ओटीला हात लावून बघा, त्यानं परवानगी दिलीय. मेथीचा वास अजून येतो.