गच्चीवरून पाहिलेलं ‘झिंगाट’

परवा मावसबहिणीच्या लग्नात डीजेनं ‘झिंगाट’ लावलं आणि पहिल्याच ठेक्याला माझे डोळे भरून आले. नाचायच्या गाण्यावर रडू यावं म्हणजे जरा अतीच. पण तुमचंही कधीतरी झालं असेल असं.

‘सैराट’ आला २९ एप्रिल २०१६ला. मी नुकतीच बारावी दिली होती. हे गाणं लागलं की मला दिसतं ते असं: मिरवणूक, गुलाल, आणि मधोमध मी, बेभान. खरं काय होतं? आदल्याच दिवशी सुप्रीम कोर्टानं मेडिकलसाठी ‘नीट’ त्याच वर्षी घ्यायला सांगितली होती. आम्ही तयारी केलेली सीईटीची. घरात कुणी धड जेवत नव्हतं. पुढे गणपतीत पोरं रस्त्यावर ‘झिंगाट’वर नाचली, तेव्हा मी गच्चीवर होते. मुलींनी खाली उतरायचं नाही, असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, हे विचारायचंही नव्हतं.

म्हणजे जे दिवस आठवून मी हळवी होते, ते मी जगलेच नाही. अजय-अतुलचा ठेका आधी अंग उचलतो, डोकं मागून येतं आणि येताना सोयीची आठवण घेऊन येतं. संथ, उदास गाण्यात निदान विचार करायला फट असते. इथे तीही नाही.

दोष गाण्याचा नाही. सिनेमात ते जागेवर आहे. चारही गाणी पूर्वार्धात. आर्ची-परश्या पळून गेल्यावर एकही नाही. शेवटच्या दृश्यात तर नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात. पाटलाची मुलगी आणि मासे धरणाऱ्याचा मुलगा कुठवर नाचू शकतात, ती हद्द ते दाखवतात. आपण गाणं तेवढं कापून घेतलं आणि वरातीत नेलं. पोटजात जुळवून ठरवलेल्या लग्नांच्या वरातीत! याचं कुणाला काही वाटतही नाही.

मावसबहिणीचं लग्नही तसंच ठरलेलं. कॉलेजात तिला आवडायचा त्या मुलाचं आडनाव घरात चाललं नसतं, हे आम्हा दोघींनाच माहीत आहे. शालू सावरत ती स्टेजवरून खाली आली आणि सगळ्यांपेक्षा जास्त नाचली. मीही नाचले. गाणं संपलं तेव्हा तिनंच डीजेला खूण केली, परत लाव म्हणून.