कुक्कुटपालनविषयक मराठी मार्गदर्शिका : एक चिकित्सा

मराठीतील बहुतांश कुक्कुटपालन-मार्गदर्शिकांचा आरंभ हजार पक्ष्यांच्या शेडपासून होतो. प्रति ब्रॉयलर एक चौरस फूट जागा, खाद्याचा हिशेब, कर्जाचा प्रस्ताव. यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी, केळापूर परिसरातील कोलाम पोडांवर आठ-दहा गावठी कोंबड्या सांभाळणारी स्त्री या पानांत क्वचितच आढळते. राणीखेत (मानमोडी) रोगावरील लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी द्यावी, हे सूत्र अचूकच आहे. परंतु कुपी शेकडो मात्रांची, २ ते ८ अंश सेल्सिअसला जपावयाची आणि कालवल्यावर काही तासांतच संपवावयाची. दहा पिलांसाठी ती कोणी फोडावी? साऱ्या पोडाने एकाच दिवशी लसीकरण करावे, एवढी साधी सूचनाही सहसा नसते. खुडूक कोंबडीचा उल्लेख येतो तो उत्पादनातील दोष म्हणून. वास्तविक ती २१ दिवस अंड्यांवर बसते म्हणूनच पोडावर पुढची पिले निघतात.