‘मफीबोशेथ’ या हिब्रू विशेषनामाची व्युत्पत्ती व अर्थ : एक चिकित्सा

विशेषनामाच्या अर्थावरून व्यक्तीच्या चरित्राचा उलगडा करण्याची प्रवृत्ती धर्मग्रंथांच्या विवेचनात वारंवार आढळते. ‘जुन्या करारा’तील मफीबोशेथ हे नाव या प्रवृत्तीची मर्यादा स्पष्ट करणारे आहे. मफीबोशेथ हा योनाथानाचा पुत्र व शौल राजाचा नातू होय. तो पाच वर्षांचा असताना दाई त्याला घेऊन पळत होती. त्या वेळी पडून तो दोन्ही पायांनी अधू झाला (२ शमुवेल ४:४). हिब्रू भाषेत ‘बोशेथ’ म्हणजे लज्जा. त्यामुळे पंगुत्व, राजकुळाचा ऱ्हास व लज्जा यांची सांगड सहज घातली जाते. परंतु नाव अपघातापूर्वीचे आहे. शिवाय कोणता पिता आपल्या पुत्राचे नाव लज्जेवरून ठेवील, हा प्रश्न उरतोच.

याच व्यक्तीला पहिल्या इतिहासग्रंथात (८:३४) ‘मरीब-बआल’ म्हटले आहे. त्याचा चुलता ईश-बोशेथ हाही तेथे ‘एश-बआल’ ठरतो. शास्त्यांच्या ग्रंथात ‘यरुब्बआल’ हे नाव मिळालेला गिदोन दुसऱ्या शमुवेलात (११:२१) ‘यरुब्बेशेथ’ होतो. हा बदल एकाच नावापुरता नसल्याने तो केवळ लेखनदोष मानता येत नाही. ‘बआल’ म्हणजे धनी किंवा स्वामी. ज्याने एका पुत्राचे नाव योनाथान, म्हणजे ‘यहोवाने दिले’, असे ठेवले, त्या शौलाच्या घराण्यात ‘बआल’ ही यहोवाचीच उपाधी असणे शक्य आहे. ‘बआल्या’ (१ इतिहास १२:५), म्हणजे ‘यहोवा स्वामी आहे’, हे नाव या अनुमानास पुष्टी देते. पुढे बआल या कनानी दैवताच्या उपासनेला विरोध वाढला. होशेय (९:१०) व यिर्मया (११:१३) यांच्या ग्रंथांत त्या दैवताचा उल्लेख ‘बोशेथ’ या शब्दाने होतो. त्याच भावनेतून नकलकारांनी नावांतही शब्दबदल केला, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. खिर्बेत कैयाफा येथे २०१२ साली सापडलेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कुंभलेखात ‘एश-बआल’ हे नाव आहे. इ.स.पू. दहाव्या शतकाच्या सुमाराच्या या लेखातील एश-बआल हा शौलपुत्र नव्हे. मात्र अशी नावे त्या काळी प्रचारात होती, हे त्यावरून सिद्ध होते.

या मतास मतित्याहू त्सेवात यांनी १९७५ मध्ये आव्हान दिले. ‘बोशेथ’चा संबंध त्यांनी अक्कदी ‘बाश्तू’ या शब्दाशी, म्हणजे तेज व संरक्षक शक्ती या कल्पनेशी जोडला. तसे असल्यास नाव मूळचेच व गौरवपर ठरते. मात्र या मतात, शमुवेल व इतिहास या ग्रंथांतील जोडनावांचे स्पष्टीकरण तितकेसे समाधानकारक होत नाही.

तात्पर्य, नावाचा पूर्वार्ध वादग्रस्त असला, तरी दोन्ही मतांनुसार ‘लज्जा’ हा त्याचा मूळ अर्थ ठरत नाही. पहिल्या मतानुसार ती लज्जा नकलकारांना एका दैवताविषयी वाटली. योनाथानाच्या अधू पुत्राशी तिचा संबंध नाही. म्हणूनच नामार्थाच्या आधारे त्याच्या पंगुत्वास कलंक ठरविणारे विवेचन भाषाशास्त्रीय दृष्ट्या निराधार आहे. उत्तरकालीन मानला जाणारा इतिहासग्रंथ येथे नावाचे जुने रूप जपतो, ही बाबही पाठचिकित्सकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.