मुद्रितचित्रे, रविवर्मा

मूळ तैलचित्रावरून शिलामुद्रणाने बहुरंगांत छापलेल्या व वरून तैलचित्राचा आभास दिलेल्या प्रतीस ‘ओलिओग्राफ’ म्हणतात. महाराष्ट्रात या प्रती घरोघर पोहोचल्या त्या चित्रकार राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईस स्थापन केलेल्या छापखान्यामुळे. जर्मन तंत्रज्ञांच्या साहाय्याने चालणारा हा छापखाना पुढे लोणावळ्यानजीक मळवली येथे हलविण्यात आला व फ्रिट्झ श्लायखर या तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९७२ मध्ये तो आगीत भस्मसात झाला.

ही चित्रे यंत्राने आपोआप काढली, ही समजूत बरोबर नाही. प्रत्येक रंगछटेसाठी चुनखडीची स्वतंत्र शिला लागे. गालावरील उजळ भाग कोणत्या छटांनी साधेल, हे कारागीर नजरेने ठरवी आणि त्या त्या शिलेवर स्निग्ध शाईने बारीक ठिपके देत तेवढाच भाग उतरवी. ओलविलेली शिला छपाईची शाई फक्त या ठिपक्यांवरच धरी. सर्व शिलांचे ठसे एकमेकांवर नेमके बसले, तरच चेहरा उमटे. पुनरावृत्ती यंत्राची, पण निवड माणसाची. त्या माणसाची सही मात्र प्रतीवर नसे. शब्दांच्या सूचनेवरून चित्र घडविणाऱ्या आजच्या संगणकप्रणालींमागेही असेच असंख्य अनामिक चित्रकार आहेत.

आनंद कुमारस्वामी व भगिनी निवेदिता यांनी रविवर्म्यांच्या चित्रांवर कठोर टीका केली. त्यांतील नाटकीपणाचा आक्षेप मूळ चित्रांपुरता बराचसा खरा आहे. परंतु प्रतींना तोच निकष लावणे अपुरे ठरते. छपाईत छायाप्रकाशाची मृदू संक्रमणे हरपतात, रंग भडक होतात, हा दोष उघडच आहे. तथापि कमळावर उभ्या असलेल्या ‘लक्ष्मी’ची समोरासमोरची मांडणी या सपाटपणातही टिकून राहते, किंबहुना देवघराच्या मंद उजेडात तो भडकपणाच उपयोगी पडतो. कित्येक प्रतींवर जर, टिकल्या व कापडाचे तुकडे चिकटवून देवीला वस्त्रालंकार चढविलेले आढळतात. एका ठशाच्या प्रती अशा रीतीने घरोघरी निराळ्या झाल्या. समीक्षकांनी या हस्तकामाकडे फारसे पाहिले नाही, ही उणीव मूळ आक्षेपापेक्षा मोठी वाटते.

कोल्हापुरात वेगळी वाट दिसते. तेथील आनंदराव व बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे चित्रकार चलच्चित्रणाचा कॅमेरा स्वतःच घडविण्याच्या खटपटीस लागले. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी १९१८ मध्ये तो कॅमेरा सिद्ध केला व ‘सैरंध्री’ (१९२०) हा मूकपट काढला. मळवलीस यंत्र व तंत्रज्ञ परदेशांतून आले होते. येथे पडदे रंगविणारा हातच यंत्राचे सुटे भाग जुळवीत होता.