उरलेल्या शून्यांचा हिशेब

फोटोफिल्मवरचा चांदीक्षाराचा कण एकतर काळा पडतो, नाहीतर कोराच राहतो. फेंग यांग, यू लू, लुचानो स्बाइझ आणि मार्टिन वेटर्ली यांचा २०१२ सालचा ‘बिट्स फ्रॉम फोटॉन्स’ हा शोधनिबंध या फिल्मची आठवण काढतच सुरू होतो. त्यांच्या सेन्सरमधला अतिसूक्ष्म पिक्सेलही तसाच: ठरलेल्या उंबरठ्याइतके प्रकाशकण आले तर १, नाहीतर ०. किती आले, ते त्याला सांगता येत नाही. एवढ्याशा साक्षीवरून अख्खं चित्र उभं करायचं.

निबंधाचा सगळा रस मला कोऱ्या पिक्सेलच्या गणितात सापडतो. उंबरठा एकाच फोटॉनचा, म्हणजे एकाच प्रकाशकणाचा, ठेवला आणि निम्मे पिक्सेल १ दाखवत असले, तर प्रत्येक पिक्सेलवर सरासरी अर्धा फोटॉन पडला असं म्हणावंसं वाटतं. पण विस्कळीतपणे पडणाऱ्या कणांच्या संभाव्यतेचं पॉयसाँचं गणित म्हणतं, ०.६९. नव्वद टक्के पिक्सेल पेटले तर २.३, नव्व्याण्णव टक्के पेटले तर ४.६. हे पावसासारखंच: अंगणातल्या भिजलेल्या फरशीवर एक थेंब पडला की चार, ते कळत नाही. कोरडीवर एकही पडलेला नाही, हे पक्कं असतं. भर उजेडात जी थोडी शून्यं उरतात, त्यांच्यावरूनच तो उजेड मोजला जातो! म्हणून इथे झगझगीत भाग एकदम पांढराफटक पडत नाही, फिल्मसारखा हळूहळू विरत जातो.

पुढचा निष्कर्ष तर थक्क करतो. उंबरठा एका फोटॉनचा असेल आणि पिक्सेल पुरेसे दाट असतील, तर हो-नाहीच्या नोंदींतून काढलेला अंदाज प्रत्येक फोटॉन मोजणाऱ्या आदर्श सेन्सरच्या जवळ पोहोचतो. शिवाय सर्वांत संभाव्य चित्र शोधताना गणित भलत्याच शिखरावर अडकत नाही, हेही लेखक सिद्ध करतात. नमुना-सेन्सरवरच्या प्रतिमा त्यानंतर येतात. त्या हव्यातच, पण माझं मन सिद्धतेतच रमतं.

दृश्य हललं तर काय, हा प्रश्न इथे बाजूला राहतो. २०२० मध्ये ‘क्वांटा बर्स्ट फोटोग्राफी’ या शोधनिबंधाने तो हाती घेतला आणि वेगाने टिपलेल्या एक-बिटी चौकटी हालचालीनुसार जुळवून एकत्र केल्या. तरी पाया म्हणून २०१२ चाच निबंध वाचावा. संभाव्यता आणि लॉगॅरिदम शिकलेल्या विद्यार्थ्यांनो, ०.६९ हा आकडा कागदावर स्वतः काढून मगच पुढे जा.