गायतोंडे यांची चित्रे आणि निसर्ग

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या १९६० च्या सुमाराच्या चित्रांत आडवी रेघ दिसली की प्रेक्षकाला समुद्र आठवतो. मुंबईतील भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमधील त्यांचा स्टुडिओ समुद्रालगत होता, म्हणून हा तर्क सोयीचाही ठरतो. स्वतः गायतोंडे यांना मात्र ‘अमूर्त’ हे विशेषण मान्य नव्हते. आपली चित्रे ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे वस्तुनिरपेक्ष, आहेत असे ते मानीत. हा वाद केवळ संज्ञेपुरता नाही. अमूर्तीकरणात आधी वस्तू असते आणि मग तिचा संक्षेप होतो. वस्तुनिरपेक्ष चित्रात आरंभीच वस्तू नसते. तरीही समुद्र का आठवतो?

याचे उत्तर त्यांच्या रंगलेपनात आहे. रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून ते रंगाचे थर चढवीत, काही ठिकाणी काढूनही घेत. खालचा रंग वरच्या थरातून उजळत राही. साचणे, झिजणे, झिरपणे या निसर्गाच्याच क्रिया होत. या चित्रांत निसर्गाचे रूप उतरत नाही, त्याची रीत उतरते. झेन विचाराकडे असलेला गायतोंडे यांचा ओढाही येथेच सार्थ होतो. अध्यात्म त्यांच्या चित्राचा विषय नाही. ती थांबण्याची, वाट पाहण्याची शिस्त आहे.

पुढील काळातील उभ्या कॅनव्हासवर क्षितिज विरते आणि भूदृश्याची उरलीसुरली खूणही नाहीशी होते. ही चित्रे काही वेळा दुर्भेद्य वाटतात, हे खरे. परंतु समुद्र सापडताच समाधान पावणाऱ्या नजरेला त्यांनी दिलेला नकार हेच त्यांचे सामर्थ्य आहे.